तीस इंचांसाठी तीस फूट

इलेक्ट्रिक व्हीलचेअर घ्यावी का, घेतली तर आपल्या गल्लीत चालेल का, आणि सरकारी कार्यालयाला पायऱ्या असल्या तर काय करायचं, असं मला जिल्ह्यातले बरेच जण फोनवर विचारतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा जे घडलं ते क्रमाने लिहून काढते. खर्च, तारखा, कागद, सगळं यात आहे. तुमच्या तालुक्यात टेबलं वेगळी असतील, पण वाट साधारण अशीच जाते.

मी जळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका तालुक्याच्या गावी राहते. मला लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. या आजारात खांद्याचे आणि कमरेचे स्नायू हळूहळू कमी होत जातात. कॉलेजात असताना जिना चढायला त्रास व्हायचा, मग जमिनीवरून उठणं बंद झालं, तिशीत चालणं थांबलं. हाताची बोटं मात्र चांगली चालतात. घरी बसून मी दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची रिटर्न्स भरते. घरात आई आणि धाकटा भाऊ. आप्पा २०२३ च्या श्रावणात गेले.

आधी साधी, ढकलायची व्हीलचेअर होती. माझ्या खांद्यांत ती चाकं फिरवण्याची ताकद नाही, म्हणजे ती खुर्ची माझी असली तरी चालवणार आई. खिडकीपाशी जायचं, पंख्याखाली सरकायचं, दारात कोण आलं ते बघायचं, प्रत्येक वेळी हाक. आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा मी हाका कमी केल्या आणि दिवसदिवस एका जागी बसायला लागले. २०२२ च्या दिवाळीनंतर आप्पांनीच विषय काढला, की बॅटरीवाली खुर्ची बघू.

पहिलं काम युडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचं. माझ्याकडे जुनं कागदी प्रमाणपत्र होतं, त्यावर ६० टक्के लिहिलेलं. तेव्हा मी चालत होते. स्वावलंबन पोर्टलवर नव्याने अर्ज भरला, फोटो, आधार आणि जुनं प्रमाणपत्र चढवलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये जळगावला तपासणी झाली. गाडीभाडं १,६०० रुपये. डॉक्टरांच्या बोर्डासमोर जाताना सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. माझ्या फायलीत सीपीके (रक्ताची), ईएमजी (स्नायूंची) आणि जनुकीय तपासणी ओळीने होती, त्यामुळे डॉक्टरांना मला फार विचारावं लागलं नाही. आजार वाढत जाणारा असेल तर जुन्या टक्केवारीवर राहू नका. मला ८६ टक्के मिळाले. ४० च्या आत पांढरं, ४० ते ८० पिवळं आणि ८० च्या वर निळं कार्ड असतं. छापील कार्ड पोस्टाने यायला काही महिने गेले, पण ई-कार्ड पोर्टलवरून आधीच काढता आलं आणि ते सगळीकडे चाललं.

त्याच सुमारास तालुक्यात, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेचं शिबिर झालं. साहित्य कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीचं. माझ्या नावापुढे मोटारवाली तीनचाकी लिहिली जात होती. ती चांगलं साधन आहे, आमच्या ओळखीचा एक जण तिच्यावरून रोज शेतात जातो. पण तिला दोन्ही हातांनी हँडल धरावं लागतं आणि पाठ स्वतः ताठ ठेवावी लागते. माझी पाठ टेकल्याशिवाय राहत नाही. मी तिथेच म्हटलं, "मला ही नको, मला जॉयस्टिकची खुर्ची लागेल, ती यादीत नसेल तर माझं नाव दुसऱ्याला द्या." घरी यावर दोन दिवस बोलणं झालं. फुकट मिळणारी वस्तू नाही म्हणायची म्हणजे काय, असं मामांचं म्हणणं. आप्पा माझ्या बाजूने राहिले. शरीर आपलं असतं, तेव्हा आपल्याला काय झेपतं ते आपणच बोलायला हवं. आपण गप्प बसलो तर समोरचा त्याच्या यादीत जे आहे ते देतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

खुर्ची घेण्याआधी भावाने घरभर टेप फिरवली. बाहेरचं दार ३६ इंच, माझ्या खोलीचं ३०, मोरीचं २४. मी पसंत केलेल्या खुर्चीची रुंदी २५ इंच. मोरीचं दार काढून पडदा लावला आणि चौकटीचा एका बाजूचा गिलावा फोडला, तेव्हा वाट झाली. तुम्ही खुर्ची बघत असाल तर दुकानदाराला रुंदी, वजन आणि किती चढ चढते हे तिन्ही विचारा, आणि बसण्याची रुंदी तुमच्या मापाची आहे का ते बसून बघा. सैल खुर्चीत अंग एका बाजूला कलतं आणि हळूहळू पाठीचा बाक वाढू शकतो. उशी स्वस्तातली घेऊ नका. दिवसाचे दहा-बारा तास त्यावर काढायचे असतात.

जून २०२३ मध्ये खुर्ची आली. किंमत १,१८,००० रुपये, जीएसटी धरून. दिव्यांगांच्या गाड्यांवर, मोटार असो वा नसो, ५ टक्के कर आहे. बिलावर एचएसएन ८७१३, म्हणजे या वस्तूचा कराचा कोड, आहे का ते मी आधी बघितलं. नगरपरिषदेला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो, त्यातून अर्ज करून १०,००० मिळाले, तेही बिल जोडल्यावर पाच महिन्यांनी. आयकर भरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: जुन्या कररचनेत (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८० यू) ४० टक्क्यांपासून ७५,००० आणि ८० टक्क्यांपासून पुढे १,२५,००० रुपयांची वजावट आहे. माझ्याकडे येणाऱ्या दुकानदारांपैकी एकाच्या मुलीचं कार्ड निळं आहे. पालकांसाठीचं वेगळं कलम, त्याच कायद्यातलं ८० डीडी, आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आता ओटा. आमच्या ओट्याची उंची १८ इंच. चढाचा नियम सोपा आहे: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. म्हणजे १८ इंचांना १८ फूट. अंगण ११ फुटांचं, म्हणून रॅम्प भिंतीला लागून काटकोनात वळवला, वळणावर पाच बाय पाचची सपाट जागा ठेवली. गवंडी म्हणाला, "ताई, सहा फुटांत बसवून देतो, गाडी जोरात घ्यायची." मी त्याला खुर्चीत बसवून फळीवरून तसा चढ चढायला लावला. मग त्याने मुकाट्याने १८ फूट आखले. वाळू, सिमेंट, मजुरी आणि गटारीवरचा मजबूत ढापा मिळून २३,००० रुपये लागले. वर गुळगुळीत फरशी लावू नका. पावसात चाक घसरतं. नुसता झाडूने रेघा ओढलेला कोबा सगळ्यात बरा.

पहिल्या संध्याकाळी मी एकटी गल्लीच्या टोकापर्यंत गेले. किराणा दुकानासमोर थांबले आणि परत आले. काही आणायचं नव्हतं. आई दारात उभी होती, पण मागे आली नाही. तिने स्वतःला कसं थांबवून धरलं असेल ते मला आता कळतं.

रोजच्या वापरातल्या काही गोष्टी आमच्या भागाच्या आहेत. इथे मे महिन्यात पारा अनेकदा ४४-४५ पर्यंत जातो. दुपारी खुर्ची उन्हात राहिली तर हाताची टेकणी चटका देतात आणि काळं सीट अर्धा तास गार होत नाही, म्हणून पांढऱ्या सुती कापडाची खोळ शिवून घेतली. बॅटऱ्या १२ व्होल्टच्या दोन असतात आणि उष्णतेने त्या लवकर उतरतात. चार्जिंग रात्री, पंख्याच्या खोलीत, सात-आठ तास. लाइट गेली तर अर्धवट चार्जवर लांब जायचं नाही. कंपनी २० किलोमीटर सांगते, आमच्या रस्त्यांवर १२-१३ धरून चाला. पावसात जॉयस्टिकवर प्लॅस्टिकची पिशवी रबराने लावते. बॅटऱ्या पावणेदोन वर्षांनी बदलाव्या लागल्या. भुसावळच्या एका दुकानात त्याच क्षमतेच्या जेल बॅटऱ्या मिळाल्या, पण सुट्या बॅटरीवर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता, म्हणून बॅटरीचा कर वेगळा हिशेबात धरा. आणि मोटारीचा क्लच सोडायची कळ कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. खुर्ची बंद पडली की त्याशिवाय ती ढकलताच येत नाही.

माणसांचं वेगळं. भाजीवाली माझ्याकडे बघत आईला विचारायची, "हिले काय देऊ?" मी दर वेळी स्वतः उत्तर द्यायचे, भाव स्वतः करायचे, पैसे स्वतः मोजायचे. आता ती मलाच हाक मारते, आणि भरताची वांगी बाजूला काढून ठेवते. रस्त्यात मध्येच दुचाकी लावलेली असली तर मी हॉर्न वाजवून थांबते. लोक येऊन काढतात. कोणी रागावलं असं फारसं झालं नाही. आमच्याकडची माणसं मदतीला फार लवकर धावतात. अडचण तिथेच सुरू झाली.

आप्पा गेल्यावर शेताच्या कागदपत्रांचं काम निघालं. एका टप्प्यावर मी स्वतः हजर राहून अंगठा द्यायचा होता. कार्यालय कोणतं ते लिहीत नाही. तिथले लोक आता माझ्याशी नीट वागतात आणि मला पुन्हा जायचं आहे. ९ जानेवारी २०२४, मंगळवार. भाऊ दुचाकीवर, मी खुर्चीवर. पुढे पाच पायऱ्या. बाजूला एक उतार होता, इतका उभा की त्यावरून शिपाई दुचाकी ढकलतानाही वाकत होता. कठडा नाही, आणि वरच्या टोकाला जाळीचं दार, त्याला कुलूप.

शिपाई मामा धावत आले. "काब्र इतला इचार करस व बहीन? आम्हीन चार जन शेतस ना, उचली लेतस." त्यांच्या मनात नुसती माया होती. पण खुर्ची ५५ किलोची, वर मी. शिवाय माझ्या आजारात कोणी काखेत हात घालून उचललं तर खांदा वर सरकतो आणि मी हातांतून निसटते. एकदा लग्नात असं झालं होतं, नंतर महिनाभर उजवा हात ताटापर्यंत जात नव्हता. मी नाही म्हटलं. मग एक कर्मचारी कागद घेऊन खाली आले, पण अंगठ्याचं यंत्र वर होतं, वायर लावलेलं, खाली येणार नव्हतं. उन्हात तासभर थांबून आम्ही परत आलो. निघताना कोणीतरी म्हणालं, "एवढी माणसं उचलायला तयार होती, ताईच ऐकत नाहीत." ते वाक्य कितीतरी दिवस डोक्यात राहिलं. आईलाही वाटायला लागलं की उचलू द्यायला हवं होतं, काम तरी झालं असतं.

मी त्या रात्री कायदा वाचायला घेतला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मराठीतही मिळतो. कलम ४५ म्हणतं की सध्याच्या सगळ्या सार्वजनिक इमारती नियम झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपलेली. कलम २३ म्हणतं की प्रत्येक सरकारी आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा. हे वाचून मला मोठा धीर आला. मी काही वेगळं मागत नव्हते, कायद्यात आधीच लिहिलेलं मागत होते.

भाऊ टेप घेऊन गेला आणि फोटो काढून आला. पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, एकूण उंची ३० इंच. उताराची लांबी ९ फूट. हवा होता ३० फूट. अर्ज मी एका पानात लिहिला. तो जसाच्या तसा देते, कारण लोक हाच मागतात: "मी इलेक्ट्रिक व्हीलचेअर वापरते. आपल्या कार्यालयाच्या जोत्याची उंची ३० इंच असून सध्याच्या उताराची लांबी ९ फूट आहे. १:१२ या प्रमाणानुसार ती किमान ३० फूट हवी. त्यामुळे मला कार्यालयात प्रवेश करता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४० व ४५ नुसार योग्य रॅम्प, दोन्ही बाजूंना कठडा आणि कुलूप नसलेलं दार द्यावं. तोपर्यंत माझं काम तळमजल्यावर प्रवेश असलेल्या जागी करण्याची व्यवस्था करावी. कलम २३ खालील तक्रार निवारण अधिकाऱ्यांचं नाव कळवावं." खाली मापं लिहिलेले तीन फोटो जोडले. दोन प्रती नेल्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. हा क्रमांक मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी बोलणं कितीही गोड झालं तरी दुसऱ्या दिवशी त्याचा पुरावा राहत नाही.

महिनाभर काही आलं नाही. १२ फेब्रुवारीला माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमात ही मर्यादा आहे आणि ती ओलांडली तर अर्ज परत येऊ शकतो. मी विचारलं: रॅम्पची लांबी, उंची आणि प्रमाण किती, तो कोणी तपासला, माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली. ११ मार्चला उत्तर मिळालं. "कार्यालयात रॅम्प उपलब्ध आहे." सोबत एका अहवालाची प्रत, त्यात सुगम प्रवेशापुढे "होय" अशी खूण. मापाचे रकाने कोरे.

हे उत्तर वाचून मी रडले. रागाने कमी, थकव्याने जास्त. पण तेच उत्तर पुढे सगळ्यात उपयोगी पडलं, कारण आता वाद रॅम्प आहे की नाही असा उरला नव्हता. माप काय, एवढाच प्रश्न होता.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सगळं थांबलं. १३ मे २०२४ ला आमच्याकडे मतदान होतं. ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असणाऱ्यांना १२ डी अर्ज भरून घरून मत देता येतं. ज्यांना उन्हात निघणं शक्य नाही त्यांनी ते जरूर करावं. मला केंद्रावर जायचं होतं. सकाळी सातला आम्ही पोचलो. शाळेच्या दोन पायऱ्यांवर लाकडी रॅम्प ठेवला होता, लांब आणि नीट. मी थेट आत गेले, मत दिलं, बाहेर आले. त्या रॅम्पचा फोटो काढून ठेवला. सरकारने मनावर घेतलं तर रॅम्प एका रात्रीत येतो, हे दाखवायला तो फोटो मी पुढे प्रत्येक अर्जाला जोडला.

जूनमध्ये आचारसंहिता उठली. मग लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी समोर बसून लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस. तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो. आधी तालुक्याला जायचं, तिथे उत्तर नाही मिळालं किंवा पटलं नाही तर जिल्ह्याला, पंधरा दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात अर्ज देऊन. १५ जुलैला तालुक्याला सांगितलं गेलं की इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहे. बांधकाम विभागाच्या उपविभागात सांगितलं गेलं की वापरणाऱ्या कार्यालयाने मागणी केल्याशिवाय अंदाजपत्रक करता येत नाही. दोन्हीकडची माणसं खरं तेच सांगत होती. मधला कागद कोणी लिहायचा, हे मात्र कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. मी त्या मागणीपत्राचा मसुदा करून नेला आणि साहेबांना विनंती केली की हे तुमच्या लेटरहेडवर घ्या. त्यांनी बराच वेळ वाचलं आणि सही केली. अशा ठिकाणी भांडणाऐवजी तयार कागद जास्त कामाला येतो, असं माझं मत झालं आहे.

मागणी गेली तरी अंदाजपत्रक येईना. २ सप्टेंबर, जिल्ह्याचा लोकशाही दिन, त्या दिवशी पोळा. भावाला बैल सजवायचे होते, तरी तो आला. मी भाड्याच्या कारमध्ये, खुर्ची छोटा हत्ती टेम्पोत फळ्यांवरून चढवून दोरीने बांधलेली. दोन्हींचं भाडं ३,४०० रुपये. जळगावच्या रस्त्यावर शिंगं रंगवलेले बैल दिसत होते आणि मला आप्पांची फार आठवण येत होती. सभागृहात माझा नंबर आला तेव्हा मला बोलायला दोन-तीन मिनिटं मिळाली. आठवडाभर आरशासमोर सराव केला होता. मी फक्त तीन कागद पुढे केले: माझे मापाचे फोटो, "रॅम्प उपलब्ध आहे" हे उत्तर आणि मतदान केंद्राचा फोटो. जिल्हाधिकाऱ्यांनी बांधकामच्या अधिकाऱ्यांना विचारलं की १:१२ आहे का. ते नाही म्हणाले. पंधरा दिवसांत अंदाजपत्रक, असा शेरा पडला. येताना आई गाडीत झोपली. मी जागीच होते.

अंदाजपत्रक झालं, एक लाख नव्वद हजारांच्या आसपास. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. पुन्हा वाट.

या वाट बघण्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार. ही याचिका २००५ पासूनची. न्यायालयाने म्हटलं की २०१७ च्या नियमांतला सुगमतेचा नियम १५ नुसत्या शिफारशींसारखा आहे, तो कायद्याशी विसंगत आहे, आणि केंद्राने तीन महिन्यांत बंधनकारक नियम करावेत. ज्या माणसाने एवढी वर्षं हा प्रश्न धरून ठेवला, त्याच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटली. मी डिसेंबरमध्ये पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे स्पीड पोस्टने तक्रार पाठवली आणि ईमेलही केला. निकालाची प्रत, लोकशाही दिनाचा शेरा, आवक क्रमांक असलेले सगळे कागद जोडले. कलम ८० खाली राज्य आयुक्त अशा तक्रारीची चौकशी करू शकतात आणि चौकशीसाठी कलम ८२ ने त्यांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत. वकील लावला नाही. खर्च पोस्ट आणि झेरॉक्सचा, तीनशेच्या आत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कार्यालयाला खुलासा मागणारं पत्र गेलं, प्रत मला आली. त्यानंतर फोन यायला लागले. निधी मार्चअखेर खर्च करायचा होता, आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात खडी पडली.

खडी पडली म्हणून निश्चिंत होऊ नका. मी तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा आखणी २० फुटांत बसवलेली होती, कारण पुढे कर्मचाऱ्यांच्या दुचाकींची शेड. शाखा अभियंता तरुण होते. मी त्यांना विचारलं, "सर, नकाशात किती आहे?" नकाशात ३० होतं. शेड हलवायची म्हणजे कर्मचाऱ्यांची नाराजी, म्हणून त्यांनी ती मधली वाट काढली होती. मी टेप त्यांच्या हातात दिली आणि माझी खुर्ची २० फुटांच्या चढावर मागे का कलंडू शकते ते सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग कार्यालयात गेले. शेड दोन दिवसांत मागच्या बाजूला गेली. मग १५-१५ फुटांचे दोन भाग, मध्ये पाच बाय पाचचं सपाट वळण, रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना दोन उंचींवर नळीचा कठडा. गवंडी दोरी लावून म्हणाला, "आते मोजी ल्या ताई." मी मोजून घेतलं.

कोबा वाळला तेव्हा कोणीतरी दुचाकी चढू नये म्हणून खाली साखळी लावली. तिची किल्ली शिपाई मामांकडे. ते सुट्टीवर असले की रॅम्प बंद. त्यावरही अर्ज दिला, लहानसा, चार ओळींचा. साखळी गेली आणि "येथे वाहने चढवू नयेत" अशी पाटी आली.

८ एप्रिल २०२५ ला मी वर गेले. कोणाला बोलावलं नव्हतं. आत टेबलाशी पोचल्यावर साहेब उठले, भावाकडे न बघता मला म्हणाले, "बोला ताई, काय काम?" मी कागद दिला. यंत्रावर अंगठा पहिल्यांदा उमटला नाही, हाताला घाम होता. पुसून पुन्हा ठेवला. काम दहा-बारा मिनिटांत झालं. खाली उतरताना एक म्हातारे बाबा काठी टेकत त्याच रॅम्पने वर येत होते. त्यांना वाट द्यायला मी मधल्या वळणावर थांबले.

एकूण खर्च विचाराल तर रॅम्पच्या पाठपुराव्यात माझे साडेसहा-सात हजार गेले, त्यातले बहुतेक गाडीभाड्याचे. प्रत्येक टप्प्याला आपण स्वतः जायला हवं असं नाही. अर्ज भावाने दिले, पोस्टाने गेले, ईमेलने गेले. पण जिथे माप दाखवायचं होतं आणि जिथे कोणीतरी माझ्याबद्दल बोलणार होतं, तिथे मी गेले. फाइल एकच ठेवा आणि प्रत्येक कागदावर पेन्सिलीने तारीख लिहा. घरातल्यांना आधीच सांगून ठेवा की उचलण्याला होकार द्यायचा नाही, नाहीतर ऐन वेळी तेच "घ्या हो उचलून" म्हणतात.

आत गेल्यावर दोन गोष्टी नव्याने दिसल्या. खिडकीचं काउंटर ४४ इंच उंच आहे, बसल्या जागेवरून मला पलीकडचा माणूस दिसत नाही. आणि स्वच्छतागृहाचं दार २४ इंचांचं आहे, माझी खुर्ची २५. दोन्हींची मापं, फोटो आणि एका पानाचा अर्ज ५ मे रोजी दिला. आवक क्रमांक मिळाला आहे. अंदाजपत्रकाचं मागणीपत्र या वेळी कार्यालयाने स्वतःच टाइप केलं.